आगरबंदरच्या कवड्या

तुळजापुरात महाद्वाराच्या अलीकडं, उजव्या हाताला, कवड्यांच्या माळांचं एक दुकान होतं. दुकान कसलं, चार फळ्या आणि वर पत्रा. पुढं माझा धाकटा भाऊ शरणबसप्पा बसायचा आणि मागच्या खोलीत मी. गाव त्याला शरणूअप्पा म्हणायचं आणि मला शांताक्का. अजूनही एखादं जुनं माणूस भेटलं की सांगतं, शरणूअप्पासारखा सरळ माणूस पुन्हा झाला नाही. ते खरंच आहे. पण लगेच पुढं म्हणतात, 'आणि तुम्ही जन्मभर त्याच्या पाठीशी राहिलात.' तेव्हा मी पदर सारखा करते आणि दुसरंच काहीतरी विचारते.

आम्ही मूळचे सास्तूरचे, लिंगायत. घरात कानडी आणि बाहेर मराठी. मला सोलापूरला मामाकडं ठेवलं होतं म्हणून चौथीपर्यंत शिकायला मिळालं. शरणूच्या वाट्याला शाळा आलीच नाही. गावातली शाळा निजामाच्या वेळची, उर्दूची. वडील म्हणाले, ते शिकून काय मामलेदार होणार आहे? त्याला ना उर्दू वाचता आली, ना मराठी. मी विधवा होऊन माहेरी आले आणि दोन वर्षांत त्याची बायको बाळंतपणात गेली. पोलीस ॲक्शननंतर सगळं थोडं थंडावलं तेव्हा आम्ही दोघं तुळजापूरला आलो आणि हा धंदा धरला.

कवडीच्या माळेचं काम सोपं दिसतं, पण बोटांची कातडी जाते. कवडीला एका अंगाला दात असलेलं तोंड असतं आणि दुसऱ्या अंगाला फुगीर, गुळगुळीत पाठ. ओवायची तर ती पाठ दगडावर पाणी टाकून घासायची, पार भोक पडेपर्यंत. मग दोरा आत जातो. घासणं माझ्याकडं होतं, ओवणं आणि विकणं शरणूकडं. विकण्यात तो अगदीच कच्चा. देवीच्या आराधिणी आल्या, गोंधळी आले, की हाच त्यांना दाखवायचा, 'ही बघा, हिचा दात उडालाय, ही घेऊ नगा.' शेजारचे दुकानदार हसायचे. मी आतून दोन शब्द सुनवायची. त्याच्यात काही फरक पडायचा नाही.

आमच्या कवड्या सोलापूरच्या एका व्यापाऱ्याकडून यायच्या, बारीक आणि पिवळ्या पडलेल्या. अठ्ठावन्न साली समुद्राकडच्या एका यात्रेकरूनं शरणूला सांगितलं, वसईच्या पलीकडं आगरबंदर म्हणून गाव आहे, तिथल्या कवड्या सुपारीएवढ्या असतात. तोवर आम्ही मुंबई राज्यात आलो होतो, आता सगळा मुलूख एकच झाला अशी हवा होती. जन्मात समुद्र न पाहिलेला माझा भाऊ आषाढाच्या तोंडाशी पिशवी घेऊन निघाला. मी म्हटलं, विचारून घे, फसू नको. तो फसेल एवढीच मला भीती होती.

आठव्या दिवशी आला तो पिशवी भरून. ओतल्या तर खोली उजळल्यासारखी वाटली. इतक्या मोठ्या, पांढऱ्या कवड्या मी कधी हातात घेतल्या नव्हत्या. कुठून आणल्यास म्हटल्यावर त्यानं सगळं सांगितलं.

आगरबंदर सगळं ख्रिस्ती कोळ्यांचं गाव. ते चर्चला देऊळच म्हणतात, हे ऐकून त्याला फार बरं वाटलं होतं. त्यांचा राखणदार संत पेत्र, तो स्वतः मासे धरणारा होता म्हणे. नुकताच त्याचा सण होऊन गेला होता. घरांना चुना दिलेला, होड्या रंगवून वर ओढलेल्या, दारादारावर ताडाच्या पानांच्या झालरी. व्यापाऱ्यांनी मात्र सांगितलं, मालासाठी पावसाळा सरल्यावर या. दोन दिवस हिंडून तो रिकाम्या हातानं परत निघाला. रविवारची सकाळ होती, सारं गाव देवळात. वाटेत वाळूच्या कडेला संताची लहानशी घुमटी लागली. संताच्या पायाशी दगडाची कुंडी आणि कुंडीत ह्या कवड्या, शिगोशीग.

आता आमच्या गावाची रीत सांगते, म्हणजे त्यानं काय केलं ते कळेल. तुळजापुरात देवीला वाहिलेलं देवीपाशी राहत नाही. ज्या पुजाऱ्याची पाळी असेल त्याचं ते. नारळ, खण, लुगडी, सकाळी पायऱ्या चढून गेलेलं संध्याकाळी बाजारात आलेलं असतं. त्यात कुणाला पाप वाटत नाही, उलट देवीला लागून आलेलं म्हणून लोक मुद्दाम घेतात. पुजारी जागेवर नसला तर दक्षिणा ठेवायची आणि प्रसाद उचलायचा. शरणूनं तेच केलं. तिथल्या पेटीत सव्वा रुपया टाकला, नारळ ठेवला, संताला हात जोडले आणि पिशवी भरली. इकडंतिकडं बघितलंसुद्धा नाही. चोरी करतोय असं वाटलं तर माणूस बघतो.

मला तेव्हा तरी त्यात काही वावगं वाटलं नाही. मी पण तुळजापूरचीच झाले होते.

दुसऱ्या दिवशी घासायला बसले. पहिली कवडी दगडावर धरली आणि पाठीवर बारीक कोरलेला क्रूस दिसला. शरणूला दाखवला. तो म्हणाला, 'व्हय, समद्यांवर हाय. त्यांच्या देवाची खूण असल. आपुन न्हाय का कुंकू लावत वाहिलेल्याला, तसं.' आणि तो पुढं जाऊन बसला. तो गेल्यावर मी कवडी खिडकीपाशी नेली. क्रुसाच्या खाली अक्षरं होती, सुईनं काढल्यासारखी. जुजे. दुसरीवर पास्कू. तिसरीवर नुसतं इ. एकीवर सिमाव लिहिलं होतं, त्यातला म आधी विसरून मग वर चिकटवलेला. अनोळखी, पण नावंच होती, पुरुषांची वाटणारी.

मी काही खुळी नव्हते. देवाची खूण असती तर सगळ्यांवर एकच असती. प्रत्येकीवर वेगळं नाव म्हणजे ती कुणाची तरी आहे, एवढं मला त्याच क्षणी कळलं. का लिहिलंय ते कळलं नाही, पण कुणीतरी बसून, जीव लावून लिहिलंय, हे कळलं. क्रूस शरणूलाही दिसला होता. अक्षरं फक्त मला वाचता येत होती.

उठून त्याला सांगायचं, एवढंच काम होतं. तो पुढच्या गाडीनं पिशवी परत घेऊन गेला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मी सांगितलं नाही. नवरात्र तीन महिन्यांवर होतं. इतकी वर्षं लोक आमच्या दुकानावरून पुढं जायचे ते मोठ्या दुकानाकडं. यंदा ते थांबतील असा माल पहिल्यांदा माझ्यासमोर पडला होता. मी कवडीवर पाणी टाकलं आणि घासली. पहिल्या चार-पाच वाचल्या गेल्या. मग मी वाचायचं नाही असं ठरवलं आणि कवडी हातात घेतानाच उलटी धरू लागले. तरी डोळ्यांची सवय जात नाही, बऱ्याच वाचल्या.

त्या नवरात्रात आमच्या माळा पुरल्या नाहीत. आराधिणी गळ्यात घालून आरशात बघायच्या आणि दृष्ट लागू नये म्हणून कानशिलावर बोटं मोडायच्या. शरणू म्हणाला, हे सगळं त्या संताच्या कृपेनं झालं. त्यानं सगळ्यांत चांगल्या कवड्यांची एक माळ बाजूला काढून ठेवली. पुढच्या सणाला जाऊन ती संताच्या गळ्यात घालायची असं त्यानं ठरवलं. मी त्यालाही काही बोलले नाही. मनात म्हटलं, तोवर विसरेल.

तो विसरणारा नव्हता. एकोणसाठच्या जूनमध्ये तो माळ घेऊन गेला. त्या वेळी त्याला मोनीबाय नावाच्या एका कोळणीनं आपल्या पडवीत उतरवून घेतलं. इतक्या लांबून दुसऱ्या देवाच्या गावचा माणूस आपल्या संताच्या सणाला आला, याचं सगळ्या गावाला अप्रूप वाटलं. परत आल्यावर दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी गळ्यातलं लिंग हातात धरून पूजेला बसला आणि पूजा तशीच टाकून मला सांगू लागला.

सणाआधी नऊ दिवस तिथं रोज संध्याकाळी घुमटीपाशी मागणं म्हणतात. त्यात पहिल्याच संध्याकाळी मोनीबायनं त्याला ती रिकामी कुंडी दाखवली. समुद्रात गेलेला एखादा माणूस कधीकधी परत येत नाही, त्याचं शरीरही सापडत नाही. शरीर नाही तर दफनभूमीत जागा नाही. मग त्याच्या घरचे एक चांगली कवडी शोधतात, तिच्यावर त्याचं नाव कोरतात आणि ती संताच्या पायाशी ठेवतात. आमचं माणूस तुझ्या हवाली, असं म्हणतात. तीच त्याची कबर. बायका रविवारी देवळात जाताना वाकून त्या कुंडीत हात घालतात, आपली कवडी शोधतात आणि परत ठेवतात. मोनीबायचा नवरा सिमाव लग्नानंतर चार वर्षांनी गेला होता. बावीस वर्षं ती दर रविवारी तेच करत होती.

शरणूला वाटलं, आता ही आपल्याला चोर म्हणेल. पण मोनीबाय हसत होती. गेल्या वर्षी सणानंतरच्या रविवारी रात्री मोठी भरती आली, पाणी घुमटीपर्यंत चढलं, आणि सकाळी बघतात तर कुंडी रिकामी. आधी रडारड झाली. मग फादर म्हणाले की कदाचित संतानं आपली माणसं एकदाची आपल्या घरी नेली असतील. गावानं ते मनाशी धरलं. म्हातारी माणसं म्हणाली, इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं, आता सगळी सुटली. म्हणून यंदाचा सण कधी नव्हे असा होणार होता.

आणि तसा झाला. संताची मूर्ती खांद्यावर घेऊन सगळं गाव अनवाणी, पावसात, पाण्याच्या कडेपर्यंत गेलं. फादरनं एकेका होडीवर पाणी शिंपडलं. विधवा बायकांनी त्या दिवशी पहिल्यांदा काळं सोडून रंगीत लुगडी नेसली होती. मोनीबायनं हिरवं नेसलं होतं. ती शरणूला म्हणाली, तुमच्या देवीलाही सांगा, माझा माणूस पोचला. शरणूच्या पिशवीत माळ होती. त्याला ती बाहेर काढता आली नाही आणि तोंडही उघडता आलं नाही. त्यांच्या घरचा भात खाऊन, त्यांचे आशीर्वाद घेऊन तो परत आला होता.

'अक्का, कुनी माझ्या गळ्यातलं लिंग काढून बाजारात इकलं असतं तर?' तो म्हणाला. 'म्या तेच केलं. आन वर हात जोडले.'

त्या घडीला मला बोलता आलं असतं. तो समोर बसून रडत होता. मी म्हणू शकले असते, शरणू, तुला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं. मी त्याला ताक आणून दिलं. अजाणता झालं, देव बघतो, असं काहीबाही बोलले. माझी मलाच लाज वाटली, पण लाज वाटून माणूस खरं बोलतोच असं नाही. उलट जितका उशीर झाला तितकं ते जड होत गेलं.

सांगावं की न सांगावं यात त्याचे अडीच महिने गेले. त्यांना समाधान मिळालंय, ते कशाला मोडायचं, असं मी त्याला समजावत राहिले. मोठी शहाणी. तो ऐकून घ्यायचा. भाद्रपदात एका दुपारी दुकान बंद करून आत आला आणि म्हणाला, 'त्यांचं समाधान माझ्या चोरीवर हुभं हाय, अक्का. कागुद घ्या.'

तो सांगत गेला, मी लिहीत गेले. तुळजापूरचा शरणबसप्पा, कवडीवाला, फादरसाहेबांना आणि मोनीबायना नमस्कार. तुमच्या कवड्या समुद्रानं नेल्या नाहीत, मी नेल्या. आमच्या गावच्या रीतीनं प्रसाद समजून नेल्या. त्यांच्या माळा करून विकल्या. एक माळ माझ्याजवळ आहे. तुम्ही द्याल ती शिक्षा कबूल. इथं तो थांबला, माझ्याकडं बघून म्हणाला, आता हे नीट लिहा. 'कवड्या माझी थोरली बहीण घासत होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला बोल लावू नये.'

मी ते लिहिलं. माझ्या हातानं, माझ्या चौथीच्या अक्षरात, एक काना-मात्रा न चुकता लिहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, मी काहीही लिहिलं असतं तरी त्याला कळलं नसतं. मी तेच लिहिलं जे मला सोयीचं होतं, आणि नेमकं तेच त्यानं सांगितलं होतं. खाली त्यानं अंगठा लावला.

उत्तर आलं नाही. नवरात्राच्या सातव्या माळेला मोनीबायच आली. बरोबर तिचा दीर इनास. सोलापूरहून यात्रेच्या गाडीत उभ्यानं आली होती. अंगावर काळं लुगडं होतं. दुकानापुढं येऊन तिनं शरणूचं नाव घेतलं, तसा तो फळीवरून खाली उतरला आणि हात जोडून उभा राहिला. मी आतून बघत होते.

ती ओरडेल, शिव्या देईल, असं मला वाटत होतं. निदान तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, माळा घेणारे लोक कोण असतात? शरणूनं समोर बोट दाखवलं. त्या दिवशी महाद्वारापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. कर्नाटकातून, परभणीकडून, बार्शीकडून आलेल्या आराधिणी, प्रत्येकीच्या गळ्यात दोन-दोन, चार-चार माळा. उदो उदो करत त्या पायऱ्या उतरत होत्या. मोनीबाय बराच वेळ त्यांच्या गळ्यांकडं बघत राहिली. एका म्हाताऱ्या आराधिणीला तिनं खुणेनं थांबवलंसुद्धा. त्या बाईनं भलत्या मायेनं आपली माळ पुढं धरली. मोनीबायनं एक कवडी बोटांत घेऊन फिरवली. पाठीकडं भोक होतं. मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येकीची पाठ तशीच. ती थांबली आणि त्या बाईला नमस्कार करून परत आमच्या दुकानापाशी आली.

मी तिला आत बोलावलं, पाणी दिलं. शरणूनं ती उरलेली माळ तिच्या ओंजळीत ठेवली. यात तुमची असेल-नसेल, मला सांगता येत नाही, असं म्हणाला. मग पुन्हा तेच म्हणाला, की चूक सगळी त्याची, बहिणीला काही ठाऊक नाही. कोपऱ्यात माझा घासायचा दगड होता. मोनीबायनं तो पाहिला. मग माझ्या बोटांकडं पाहिलं. घासणाऱ्याची बोटं लपत नाहीत.

'कागुद तुमीच लिवला ना?' तिनं मला विचारलं.

मी मान हलवली.

'म्हंजे तुमाला वाचता येतं.' तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. 'सिमाव लिवलं होतं. मीच लिवलं होतं, सुईनं. म राहिला होता, तो वर लिवला. बघितली होती का?'

शरणू मध्येच बोलायला गेला. नाही म्हणायला मला एक शब्द पुरला असता, आणि त्यानं तो माझ्या वतीनं आधीच म्हटला होता. पण ती बाई मला विचारत होती, त्याला नाही. बावीस वर्षं ती कवडी शोधून परत ठेवणाऱ्या बाईला, तिची कवडी शेवटी कुणी पाहिली एवढंच जाणून घ्यायचं होतं.

'बघितली होती,' मी म्हटलं. 'वाचली. मग घासली.'

तिनं मान खाली घातली. म्हणाली, बरं झालं, कुणीतरी वाचून घासली. ती माळ तिनं आपल्या पदरात बांधली, इनासला हाक मारली आणि आल्या वाटेनं निघून गेली. शरणू तिला पोचवायला गाडीतळापर्यंत गेला. मी गेले नाही.

तो परत आला तेव्हा दिवे लागले होते. मला वाटलं, आता बोलेल. मी भाकरी वाढली, त्यानं खाल्ली. नेहमीसारखं विचारलं, अक्का, तुम्ही जेवलात का? त्यानंतर अकरा वर्षं तो जगला. माझ्या हातचं खाल्लं, माझं दुखणंखुपणं काढलं, लोकांत माझ्याविषयी कधी उणा शब्द काढला नाही. त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी तो दगड त्यानं उचलून पुढं, आपल्या फळीपाशी नेला. तेव्हापासून घासायचं काम तोच करू लागला. कवडी उन्हात धरायचा, उलटीसुलटी करून नीट बघायचा, आणि मगच पाणी टाकायचा. मी कितीदा म्हटलं, दे इकडं, तुझी बोटं सोलवटली. तो म्हणायचा, राहू द्या. मरेपर्यंत त्यानं एक कवडी माझ्या हातात दिली नाही.